संत्र्याची सावली मोजून पाणी

वरुड तालुक्यात माझं दोन एकर संत्र्याचं ओलित. एका एकरात बाबांनी सहा बाय सहा मीटरवर लावलेली 112 झाडं. धुऱ्यापलीकडच्या एकरात मी सहा बाय तीनवर लावलेली 225. विहीर एकच. दाट लावली तेव्हा जो तो सांगून गेला, "झाडं दुप्पट म्हणजे पाणी दुप्पट, भाऊ, विहीर बसते तुमची." पहिली काही वर्षं त्यांचंच खरं होतं. झाडं मोठी झाली तसा हिशेब फिरला. कारण झाड पाणी पिते ते पानांच्या पसाऱ्यावर, आणि दाटीत एकेका झाडाचा पसारा लहान राहतो.

तो मोजायला फक्त सुतळी लागते. मे महिन्यात सूर्य आपल्याकडं जवळपास डोक्यावर येतो. भर दुपारी झाडाखालची सावली उभी-आडवी मोजा, दोन्ही मापं मीटरमध्ये गुणा आणि, सावली गोल असते म्हणून, आलेल्याला 0.785 नं गुणा. बाबांचं झाड साडेचार बाय साडेचार, म्हणजे 16 चौरस मीटर. माझं ओळीत तीन आणि आडवं चार, म्हणजे साडेनऊच्या आत.

आता बाष्पीभवन, म्हणजे उघड्या पात्रातलं पाणी दिवसात किती मिलिमीटर उडतं ते. मेच्या कडक दिवशी ते 12 मिलिमीटर धरा. त्याला 0.7 नं दोनदा गुणायचं, एकदा बाष्पीभवन पात्रासाठी, एकदा पिकासाठी. येतात जवळपास सहा. एक मिलिमीटर पाणी एका चौरस मीटरवर म्हणजे एक लिटर. म्हणून बाबांच्या झाडाला दिवसाला 96 लिटर, माझ्या झाडाला 56. एकराचं बघा: तिकडं पावणेअकरा हजार लिटर, इकडं पावणेतेरा हजारांच्या आत. झाडं दुप्पट, पाणी पाचव्या हिश्श्यानंच जास्त. पण सावली दोन मीटरचीच होती तेव्हा सगळी झाडं सारख्याच मापाची, झाडाला 19 लिटर, म्हणजे 112 झाडांना 2,100 आणि 225 ना 4,200. थंडीत बाष्पीभवन चारवर आलं की हेच आकडे तिसऱ्या हिश्श्यावर आणा.

बाबांच्या झाडाला तासाला आठ लिटरचे चार ड्रीपर, तीन तास. माझ्याकडं झाडाला दोनच, साडेतीन तास. हे कागदावर. मी वर्षभर कागदावरच चाललो आणि शेवटच्या ओळीची पानं दुपारी वळायची. मग ड्रीपरखाली डबा ठेवला. पंधरा मिनिटांत दोन लिटर यायला पाहिजेत, आले सव्वा. विहिरीच्या पाण्यातल्या क्षारानं तोंडं चोंदली होती. तेव्हापासून दर महिन्याला पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या झाडाखाली डबा ठेवतो.

ड्रीपर बुंध्याला टेकवू नका. मी टेकवले होते; दोन झाडांना डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, लागला, एक गेलं. सावलीच्या कडेच्या थोडं आत ठेवा, पाणी पिणारी बारीक मुळं तिथंच असतात.

आंबिया बहाराचं फूल यावं म्हणून झाडाला ताण द्यायला डिसेंबरात पाणी तोडलं की दाट एकर आधी मलूल होतो, तेवढ्याच मातीत दुप्पट झाडांची मुळं ना! दोन्ही एकरांचा व्हॉल्व्ह वेगळा हवा. माझा एकच होता, तेव्हा बाबांच्या झाडांना पुरता ताण बसायच्या आतच पाणी सोडावं लागलं आणि तिकडं फूल विरळ आलं.