खाजणावर पक्षी बघायला जाताय? आधी तिथी बघा

दसरा-दिवाळीच्या मधे, भात कापणीला आलेलं असतं तेव्हा कोकणात पाणथळीचे पक्षी बघायला एक अख्खा दिवस काढाच. फक्त घड्याळ लावून निघू नका, आधी भरती बघा. ओहोटीला खाडीचा चिखल लांबपर्यंत उघडा पडतो आणि पक्षी पार पलीकडे, दुर्बिणीतून पण नुसते ठिपके. भरती चढायला लागली की चिखल बुडत जातो आणि तेच पक्षी सरकत सरकत खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, बांधापर्यंत येतात, आपण फक्त गप बसून राहायचं. जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ, म्हणजे द्वादशीला नऊ. गावागणिक मागेपुढे होतं, म्हणून बंदरावर कोणा मासेमारी करणाऱ्या काकांना विचारून घ्या.

साडेसहाला बांधावर, पूर्वेच्या काठाला, म्हणजे ऊन पाठीवर येतं. पांढरा शर्ट नको. दुर्बीण ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिमी भिंगाची, पुरे.

सुरुवात तुताऱ्यांपासून करा, म्हणजे चिखलात टिपत फिरणारे छोटे पक्षी, सगळ्या सारख्याच करड्या वाटतात आणि नवीन माणूस इथेच कंटाळतो, पण जरा थांबा. साधी तुतारी चालताना मागचा भाग सारखा वरखाली हलवते आणि खांद्यापुढे छातीची पांढरी पट्टी वर गेलेली दिसते. पाठीवर बारीक ठिपके असतील तर ठिपकेवाली. हिरवी तुतारी उडाली की वरून काळपट आणि कमरेवर लख्ख पांढरी, एकदा बघितली की विसरत नाही. शेकाट्या तर गुलाबी काड्यांसारख्या पायांवरून लगेच कळतो. आणि सगळा थवा एकदम उठला तर वर बघा, बहुतेक दलदली भोवत्या, हा शिकारी पक्षी, आलेला असतो!

अकरानंतर ऊन खाऊ की गिळू करतं, सरळ घरी जाऊन जेवा, झोपा.

चारला तळ्यावर. मालवणकडे असाल तर धामापूरचा तलाव छान. कमळाच्या पानांवर कमळपक्षी चालताना बघा, लांबलचक बोटांमुळे वजन पसरतं म्हणून पान बुडत नाही. लांब शेपटीवाला शोधत बसू नका, ती शेपूट विणीच्या काळातली, आता गळलेली असते. अडई बदकं संध्याकाळी शीळ घालत येतात, आधी आवाज येतो मग थवा दिसतो, मला दिवसातला हाच वेळ सगळ्यात आवडतो.

उभ्या भातात पाय टाकू नका, कोणाची तरी वर्षाची मेहनत आहे ती, बांधावरून जायचं तरी मालकाला विचारून. पाण्यात उतरायचंच असेल तर गमबूट हवेत, पायाला जखम असेल तर उतरूच नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते.

५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, त्यात घरातल्या पोरांना घेऊन जा, आणि दुर्बीण आधी त्यांच्या हातात द्या.