अमेरिकेतला तिसरा पक्ष कसा वाचावा

वहीचं एक पान आडवं धरा आणि चार रकाने आखा: उमेदवार आणि वर्ष, देशभरात मिळालेली टक्केवारी, राष्ट्राध्यक्ष ठरवणारी इलेक्टोरल मतं, मागणी काय होती आणि पुढे ती कोणी उचलली. चौथा रकाना सगळ्यात रुंद ठेवा. माझ्याकडे वडोदऱ्यात दांडिया बाजारात राज्यशास्त्राची आणि स्पर्धा परीक्षांची मुलं शिकायला येतात, त्यांना अमेरिकेची पक्षपद्धती मी या एका पानावर शिकवते. तिकडची निवडणूक जवळ आली की ज्यांच्या लेकी-सुना न्यू जर्सीत आहेत ते शेजारीही मागच्या बाकावर येऊन बसतात. विचारायचं सगळ्यांना एकच असतं: एवढ्या मोठ्या देशात पक्ष दोनच कसे, आणि तिसरा उभा राहतो त्याचं पुढे होतं काय?

सुरुवात जुन्यापासून करू नका. पहिल्या ओळी १९४८ आणि १९९२च्या भरा. १९४८ला डेमोक्रॅट ट्रुमन आणि रिपब्लिकन ड्युई यांच्याशिवाय आणखी दोघं रिंगणात होते. स्ट्रॉम थर्मंड दक्षिणेतले, वंशभेदाची व्यवस्था टिकवायला निघालेले. हेन्री वॉलेस डावीकडचे, एकेकाळचे उपराष्ट्राध्यक्ष. दोघांनाही देशभरात २.४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साडेअकरा लाखांच्या घरात मतं पडली. तिसऱ्या रकान्यात मात्र थर्मंडपुढे ३९ येतात आणि वॉलेसपुढे शून्य. त्याखाली १९९२: टेक्सासचे अब्जाधीश रॉस पेरो, १८.९ टक्के, दोन कोटींना जरा कमी मतं, इलेक्टोरल मतं शून्य. इथे प्रत्येक तुकडीत कोणीतरी म्हणतंच, "बाई, आकडा चुकला." आकडा बरोबर आहे. दुसरा रकाना बघून बोलायची सवय चुकीची आहे.

राष्ट्राध्यक्ष निवडतात ती ५३८ इलेक्टोरल मतं, त्यांतली २७० लागतात, आणि ती राज्याराज्यांत वाटलेली आहेत. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली तर ज्याला राज्यात सर्वांत जास्त मतं, त्याला त्या राज्याची सगळीच्या सगळी इलेक्टोरल मतं. थर्मंड यांची मतं चार दक्षिणी राज्यांत एकवटलेली होती, म्हणून तिथे ते पहिले आले. पेरो यांची मतं देशभर सारखी पसरलेली होती. मेन आणि युटामध्ये ते दुसरे आले, पहिले कुठेच नाही. तेव्हा तिसऱ्या उमेदवाराचं नाव कानावर आलं की आधी विचारा, "कुठल्या राज्यात?" टक्केवारी नंतर.

इथे हुशार मुलं अडवतात: पद्धत आपलीही तशीच आहे, जास्त मतं मिळाली तो निवडून आला, मग लोकसभेत इतके पक्ष कसे? कारण आपल्याकडे दहा खासदारांचा पक्षसुद्धा सरकार बनवताना भाव खातो. तिकडे सगळ्यात मोठं पद एकच, आणि त्याचे वाटे पडत नाहीत. शिवाय आपल्याकडचे बरेच पक्ष आपापल्या राज्यातले आहेत. त्या राज्यात शिरून पाहिलं तर लढत पुष्कळदा दोघांचीच असते. आपलं गुजरातच घ्या. २०२२च्या विधानसभेत आम आदमी पक्षाला १३ टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली आणि १८२ पैकी जागा ५. पेरो समजायला अमेरिकेला जायची गरज नाही.

यानंतरचं काम जरा किचकट आहे, पण सगळी गंमत त्यातच आहे. तिसऱ्यावर पहिला आरोप असतो की त्याने मतं खाल्ली. टीव्हीवर हे वाक्य ऐकलं की लगेच मान डोलवू नका. तीन गोष्टी तपासा. त्या राज्यात पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर तिसऱ्याच्या मतांपेक्षा कमी होतं का? ते राज्य पलटलं असतं तर देशाचा निकाल पलटला असता का? आणि तिसऱ्याचे मतदार, तो नसता तर, खरंच दुसऱ्याकडे गेले असते का? तिन्हींचं उत्तर "हो" आलं तरच आरोप वहीत लिहा.

१८४४वर हे करून बघा, आकडे लहान आहेत. डेमोक्रॅट जेम्स पोक, व्हिग पक्षाचे हेन्री क्ले, आणि गुलामगिरीविरोधी लिबर्टी पक्षाचे जेम्स बर्नी. न्यूयॉर्क राज्यात पोक ५,१०६ मतांनी पुढे, बर्नी यांना मतं १५,८१२. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं. आता देशाची बेरीज: पोक १७०, क्ले १०५, न्यूयॉर्कची इलेक्टोरल मतं ३६. ती इकडून तिकडे केली की क्ले १४१, पोक १३४. दुसऱ्याचंही आलं. तिसरा प्रश्न मात्र आकड्यांनी सुटत नाही, तिथे माणसं ओळखावी लागतात. बर्नींचे मतदार पोक यांच्याकडे जाणं शक्य नव्हतं, कारण पोक टेक्सास देशात घ्यायला उतावीळ होते आणि टेक्सास म्हणजे गुलामगिरीचं आणखी एक राज्य. क्ले यांनी टेक्सासबद्दल कधी असं, कधी तसं केलं, आणि ते स्वतः गुलाम बाळगून होते. बर्नींच्या मतदारांपैकी साधारण एक तृतीयांश जरी नाक दाबून क्ले यांच्याकडे वळले असते आणि बाकीचे घरी बसले असते, तरी निकाल फिरला असता. १८४५ला टेक्सास देशात आलंच, गुलामगिरीसकट. गुलामगिरीविरोधी मतांनी गुलामगिरीचं क्षेत्र वाढवायला हातभार लावला, असं म्हणायला इथे आधार आहे. माझ्या वर्गात यावर दर वर्षी भांडण होतं. एक गट म्हणतो, तत्त्वाला मत द्यायचं तर परिणाम कशाला मोजायचा. मी त्यांना थांबवत नाही.

२०००ही याच चाळणीतून काढा. फ्लोरिडात रिपब्लिकन बुश डेमोक्रॅट गोर यांच्या ५३७ मतांनी पुढे आणि ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना ९७,४८८, हे सगळ्यांना पाठ असतं. न्यू हॅम्पशायर कोणाच्या लक्षात नसतं: अंतर ७,२११, नेडर यांना बावीस हजारांवर मतं, आणि तिथली चार इलेक्टोरल मतं गोर यांना मिळती तर फ्लोरिडाची गरजच उरली नसती. १९९२चा आरोप मात्र या चाळणीत टिकत नाही. पेरोंमुळे थोरले बुश हरले असं आजही छातीठोकपणे सांगतात, पण मतदान करून बाहेर पडलेल्यांना तेव्हा विचारलं होतं, आणि पेरोंचे मतदार बुश आणि क्लिंटन यांच्यात जवळजवळ समान विभागलेले निघाले. तिसऱ्या प्रश्नावर आरोप गळून पडला.

१९१२ला पान कमी पडेल, म्हणून वेगळं घ्या. रिपब्लिकन थिओडोर रूझवेल्ट आधी राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले. आपणच गादीवर बसवलेल्या, आपल्याच पक्षाच्या टाफ्ट यांच्यावर ते चिडले आणि पुन्हा उमेदवारी मागायला आले. पक्षांतर्गत मतदान झालं त्या बहुतेक राज्यांत ते जिंकले, पण शिकागोच्या अधिवेशनात यंत्रणा टाफ्ट यांच्या हातात होती. रूझवेल्ट आपली माणसं घेऊन बाहेर पडले आणि ऑगस्टमध्ये प्रोग्रेसिव्ह पक्ष उभा केला. ऑक्टोबरात मिलवॉकीत त्यांच्यावर गोळी झाडली गेली; खिशातला चष्म्याचा डबा आणि घडी घातलेलं जाडजूड भाषण यांनी तिचा जोर कमी केला, आणि गोळी छातीत असतानाच या गृहस्थांनी ते भाषण केलं. निकाल असा: डेमोक्रॅट विल्सन ४१.८ टक्के आणि ४३५ इलेक्टोरल मतं, रूझवेल्ट २७.४ आणि ८८, टाफ्ट २३.२ आणि फक्त ८. समाजवादी युजीन डेब्स यांना ६ टक्के, नऊ लाख मतं, हाती शून्य. रूझवेल्ट आणि टाफ्ट यांची बेरीज करा, पन्नासच्या वर जाते.

तर हा तिसरा पक्ष म्हणायचा का? माझं मत: नाही. हा भाऊबंदकीचा तंटा होता. वडोदऱ्याच्या वाचकाला हे चटकन कळेल. शंकरसिंह वाघेला भाजपमधून बाहेर पडले, १९९८ला त्यांच्या पक्षाला चार जागा मिळाल्या आणि पुढे तो काँग्रेसमध्ये विरला. केशुभाई पटेल यांच्या पक्षाला २०१२ला दोन जागा, मग तो भाजपमध्ये. रूझवेल्ट यांनीही १९१६ला पुढची उमेदवारी नाकारली आणि पक्ष मिटला. म्हणून वहीत अशा नावापुढे "फुटीर" अशी खूण करा. फुटीर पक्ष नेत्याबरोबर येतो आणि नेत्याबरोबर जातो. मुळातून उगवलेला पक्ष हरला तरी काहीतरी मागे ठेवतो. अर्थात १९१२ने मागे काहीच ठेवलं नाही असं नाही, ते चौथ्या रकान्यात येईलच. (जाता जाता: विल्सन यांनी मार्च १९१३ला सूत्रं घेतली, आणि त्याच वर्षी जुलैत सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. मांडवीजवळचं आपलं मध्यवर्ती ग्रंथालय उभं करायला महाराजांनी बोलावलेले बॉर्डन हेही अमेरिकनच, आणि ते बडोदा सोडून परतले तेही १९१३लाच. मुलांना सनावळी लक्षात राहावी म्हणून मी हे तिन्ही एकत्र सांगते.)

आकड्यांइतकंच कायद्याकडे बघा. आपल्याकडे अपक्षाला विधानसभेला उभं राहायचं तर दहा सूचक आणि दहा हजार अनामत, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मी, आणि नियम काश्मीर ते कन्याकुमारी एकच. तिकडे ५० राज्यांचे ५० नियम. कुठे किती सह्या गोळा करायच्या, कुठल्या तारखेच्या आत, हे राज्याचं विधिमंडळ ठरवतं, आणि विधिमंडळात बसलेले असतात त्याच दोन पक्षांचे लोक. पूर्वी असं नव्हतं. १८८८ला मॅसॅच्युसेट्सने सरकारी छापील मतपत्रिका आणली. त्याआधी पक्ष स्वतःच आपल्या चिठ्ठ्या छापून वाटत, त्यामुळे छापखाना असला की पक्ष चालला. सरकारी मतपत्रिकेने मतदान गुप्त झालं, हे चांगलंच. पण यादीत कोणाचं नाव यायचं ही किल्लीही सरकारच्या हाती गेली. एकाच उमेदवाराला दोन पक्षांनी उभं करायची सोयही बहुतेक राज्यांनी बंद केली. न्यूयॉर्कमध्ये ती अजून आहे, म्हणून तिथे छोटे पक्ष तग धरून दिसतात. पुढे टीव्हीवरच्या चर्चेत यायला २००० पासून जनमत चाचण्यांत १५ टक्क्यांची अट आली, आणि सरकारी निवडणूक निधीसाठी आदल्या खेपेला ५ टक्के मतं हवीत.

दार असं बंद झालं तरी खिडकी उघडी आहे, आणि ती फार जण विसरतात. तिकडे पक्षाचा उमेदवार कोण हे सामान्य मतदार प्राथमिक निवडणुकीत ठरवतात. मग वेगळा पक्ष काढायची मेहनत कशाला? १९१५ला नॉर्थ डकोटात शेतकऱ्यांनी नॉनपार्टिझन लीग काढली आणि सरळ रिपब्लिकन पक्षाच्याच प्राथमिक निवडणुकांत आपली माणसं घुसवून राज्य ताब्यात घेतलं. डोनाल्ड ट्रम्प २०००च्या निवडणुकीसाठी पेरोंच्या रिफॉर्म पक्षातून चाचपणी करून मागे फिरले, आणि २०१६ला रिपब्लिकन प्राथमिक निवडणुकीतून आले. फरक निकालात दिसला. न्यू जर्सीतल्या भाच्याने फोनवर विचारलं होतं, "मावशी, इथे नवा पक्ष का निघत नाही?" मी म्हटलं, निघतो रे, जुन्याच पाटीखाली.

आता चौथा रकाना. १८९२ला पॉप्युलिस्टांनी, म्हणजे मुख्यतः कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांच्या पक्षाने, ओमाहात जाहीरनामा काढला: चढत्या दराचा आयकर, सिनेटर थेट लोकांनी निवडावेत, गुप्त मतदान, रेल्वे सरकारी मालकीची. उमेदवार जेम्स वीव्हर, ८.५ टक्के, २२ इलेक्टोरल मतं. १८९६ला डेमोक्रॅटांनी चांदीच्या नाण्यांची त्यांची मागणी आणि ब्रायन हा उमेदवार दोन्ही पुढे केलं, पॉप्युलिस्टांनीही त्यालाच पाठिंबा दिला, आणि पक्ष तिथेच आटला. पण १९१३ला आयकर आणि थेट सिनेट, दोन्ही घटनेत आले. रूझवेल्ट यांच्या १९१२च्या जाहीरनाम्यात स्त्रियांचा मताधिकार होता, तो १९२०ला आला. म्हातारपणाचा विमा होता, तो १९३५ला दुसऱ्या रूझवेल्टने, डेमोक्रॅट फ्रँकलिनने, आणला. रकाना भरताना फक्त गोड गोष्टी लिहू नका. १८५६ला फिलमोर यांना २१ टक्क्यांवर मतं मिळाली ती परदेशातून येणाऱ्यांच्या, विशेषतः कॅथलिकांच्या, विरोधावर. १९६८ला जॉर्ज वॉलेस यांनी वंशभेदावर पाच राज्यं जिंकली आणि तो दक्षिणी गोरा मतदार पुढे रिपब्लिकनांनी आपल्याकडे वळवला. मोठे पक्ष काय उचलतील याचा नेम नाही. जिथे मतं दिसतात ते उचलतात.

कोणी म्हणालं, रिपब्लिकनसुद्धा एकेकाळी तिसरेच होते, तर त्यांना विचारा, तेव्हा मरत कोण होतं? १८५४ला नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाट देणाऱ्या कॅन्सास-नेब्रास्का कायद्यावर व्हिग पक्ष आतून फाटला, आणि त्याच वर्षी रिपब्लिकन जन्मले. १८५६ला ते थेट दुसरे आले, १८६०ला लिंकन ३९.८ टक्क्यांवर राष्ट्राध्यक्ष झाले, कारण त्यांची मतं उत्तरेतल्या राज्यांत एकवटलेली होती. जागा रिकामी झाली म्हणून ते आत आले. दोघं भक्कम उभे असताना तिसऱ्याने शिरकाव केल्याचं राष्ट्राध्यक्षपदाच्या इतिहासात एकही उदाहरण नाही.

मेन राज्यावर वेगळं लक्ष ठेवा. तिथे पसंतीक्रमाने मत देतात. तुमचा पहिला उमेदवार तळाला गेला की मत दुसऱ्या पसंतीला जातं. २०१८ला तिथल्या एका मतदारसंघात पहिल्या फेरीत मागे असलेले जॅरेड गोल्डन असेच निवडून आले. अशा ठिकाणी मतं खाल्ल्याचा आरोप आपोआप बोथट होतो.

सरावाला १९६८ आणि १९८० जोडीने घ्या: वॉलेस १३.५ टक्के आणि ४६, अँडरसन ६.६ टक्के आणि शून्य. मग २०१६. मिशिगनमध्ये ट्रम्प आणि हिलरी क्लिंटन यांच्यातलं अंतर १०,७०४, ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना ५१,४६३. विस्कॉन्सिनमध्ये २२,७४८ आणि ३१,०७२. पेनसिल्व्हेनियात ४४,२९२ आणि ४९,९४१. निकाल पलटायला तिन्ही राज्यं लागत होती, म्हणजे पेनसिल्व्हेनियात स्टाइन यांचे जवळजवळ सगळे मतदार क्लिंटन यांच्याकडे जायला हवे होते. आणि स्टाइन यांची मतं मोजणारे लिबर्टेरियन गॅरी जॉन्सन यांची मोजत नाहीत, ती मिशिगनमध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास होती. ती कोणाची होती, हे ठरवल्याशिवाय ओळ पूर्ण करू नका.