महिन्याचा खाऊ महिनाभर कसा पुरवावा

वीस तारखेच्या आसपास सामान संपलं म्हणतो तेव्हा डाळ, तांदूळ, कणीक सहसा शिल्लकच असते. संपलेलं असतं ते डब्यातून काढून थेट तोंडात टाकता येणारं: बिस्किटं, फरसाण, शेंगदाणे, गूळ, खारी. मग वाण्याकडे अधूनमधून फेऱ्या सुरू होतात आणि खर्च वाढतो तो त्या फेऱ्यांमध्ये. यावर सगळे सांगतात की डबा वरच्या फळीवर ठेवा, लपवा, कपाटाला कुलूप लावा. यातलं काहीही करू नका. लपवलेला खाऊ मुलांना सापडतोच, आणि सापडला की ती एका बैठकीत संपवतात, कारण पुन्हा कधी मिळेल याची त्यांना खात्री नसते.

यादी करताना खाऊ वेगळा लिहा. खिचडीच्या कुटाचे शेंगदाणे वेगळे, खायचे वेगळे. सामान घरी आलं की पुड्या फोडण्याआधी खाऊचे चार वाटे करा, आठवड्याला एक. एक डबा मुलांना समोर दिसेल असा ठेवा, बाकीचे तीन आत. नवा डबा सोमवारी निघेल, हे मुलांना आधीच सांगा.

डब्यात निम्मा खाऊ घरचा असू द्या. पाव किलो पातळ पोह्यांच्या चिवड्याला मूठभर शेंगदाणे, मूठभर डाळं, थोडे खोबऱ्याचे काप एवढं पुरतं आणि भलामोठा डबा भरतो. पोहे आधी मंद आचेवर कुरकुरीत करून घ्या. फोडणीतला कढीपत्ता अगदी कडक होऊ द्या, ओलसर राहिला तर सगळा चिवडा सादळतो. पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावा. कुरमुरे, फुटाणे, दोन वाट्या भाजलेल्या शेंगदाण्यांच्या कुटाला एक वाटी गूळ घालून वळलेले लाडू, हे सगळं बिस्किटांपेक्षा जास्त वेळ पोटाला आधार देतं. घरात चार-पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. त्याच्यासाठी कुटाचा लाडू.

वाढताना वाटीत घालून द्या. डबा किंवा पुडा मुलाच्या हातात जाऊ देऊ नका.

इथपर्यंत कोणालाही जमतं. कठीण असतो तो गुरुवार, जेव्हा आठवड्याचा डबा रिकामा होतो आणि मूल समोर उभं राहून ‘भूक लागली’ म्हणतं. माझं सगळ्यात जास्त अडायचं ते इथेच. पुढचा डबा आत आहे, हे मुलाला ठाऊक असतं आणि आपल्यालाही. तो एकदा काढला की ठरलेलं सगळं मोडलं. पुढच्या आठवड्यात बुधवारीच मागणी येते, कारण डबा संपला की दुसरा निघतो हे मुलाला कळलेलं असतं. म्हणून तो काढायचा नाही. पण भुकेल्या मुलाला ‘आता काही नाही, जेवायलाच बस’ असं सांगणंही मला मान्य नाही. भुकेला कधी नाही म्हणू नये, नाही म्हणायचं ते खाऊला. डबा संपला की खाऊ सोमवारी, पण खायला आत्ता मिळेल: पोळीला तूप-गूळ लावून गुंडाळी, दहीपोहे, फोडणीची पोळी, भाकरी आणि चटणी, केळं. खरी भूक असेल तर मूल यातलं काहीतरी खातं. तोंड फिरवून खेळायला गेलं तर त्याला भूक नव्हती. त्यावर बोलणी लावू नका, नुसतं जाऊ द्या.

हा गुरुवार हळूहळू शुक्रवार, मग रविवार होतो, पण त्यासाठी संध्याकाळचं खाणं ठरलेल्या वेळी व्हायला हवं. शाळेतून आलेलं मूल खरोखर भुकेलेलं असतं. मधल्या सुट्टीतला डबा कधीच पचलेला असतो आणि रात्रीचं जेवण अजून लांब असतं. त्याच्या हातात मैदा-साखरेची चार बिस्किटं दिली की अर्ध्या तासाने ते पुन्हा ओट्यापाशी येतं, मग आठ वाजेपर्यंत येतच राहतं, आणि जेवायला बसल्यावर दोन घास खाऊन उठतं. दहा वाजता पुन्हा भूक. म्हणून आल्याआल्या हातपाय धुऊन, पाणी पिऊन, बसून नीट खायला द्या. उपमा, थालीपीठ, सकाळची पोळी-भाजी, काहीही चालेल, पण पोट भरेल इतकं. खाऊची वाटी त्यानंतर. या क्रमात फरक करू नका. वाटी आधी दिली तर पोळी परत येते.

घरातल्या मोठ्यांशी आधीच बोलून घ्या, नाहीतर सगळं व्यर्थ. आजी-आजोबांनी नातवंडांना काही द्यायचंच नाही, असं सांगू नका. त्यांचा तो आनंद आहे. सोमवारचा डबा त्यांच्या हातून निघू द्या आणि रोजची वाटीही त्यांनीच भरावी. मग डबा किती दिवस पुरवायचा याकडे त्यांचंही लक्ष राहतं. पाहुण्यांसाठी वेगळा पुडा ठेवा आणि तो खरंच पाहुण्यांसाठीच राहू द्या. रात्री टीव्हीसमोर आपण फरसाण घेऊन बसत असू तर मुलांना वाटीचा नियम सांगता येत नाही. मोठ्यांनीही वाटीतच घ्यावं.

बारा-तेरा वर्षांची मुलं अचानक दुप्पट खाऊ लागतात. वाढीचं वय आहे, त्याला हावरटपणा म्हणू नका. अशा घरात खाऊचे वाटे वाढवण्यापेक्षा कणीक आणि शेंगदाणे जास्त भरा, संध्याकाळी दोन पोळ्या जास्त लाटा. मे महिन्याच्या सुट्टीत सकाळी अकराचं एक खाणं वाढवावं लागतं. त्यासाठी यादीत पोहे आणि कुरमुरे वाढवा, बिस्किटं आहेत तेवढीच ठेवा.