जुन्या कास्ट आयर्न बुलेटला कोणतं ऑइल घालावं, आणि ते कसं बदलावं

हे सगळं कास्ट आयर्न (ओतीव लोखंडी) इंजिनाच्या ३५० सीसी रॉयल एनफील्ड बुलेटबद्दल आहे: उजव्या पायाला गिअर आणि इंजिनापासून वेगळा चार गिअरचा गिअरबॉक्स. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून मद्रासमध्ये तयार होऊ लागलेलं हे इंजिन थोड्याफार फरकाने २०१० च्या सुमारापर्यंत चाललं. त्यानंतरच्या, इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेल्या बुलेटला यातलं काही लावू नका.

या गाडीत ऑइल तीन ठिकाणी असतं. इंजिनाची टाकी म्हणजे क्रँककेसच्याच ओतीवातला वेगळा कप्पा, ती साधारण सव्वादोन लिटर धरते. डावीकडच्या प्रायमरी चेनकेसमध्ये चेन आणि क्लच, तिथे सव्वाचारशे मिलीच्या आसपास. तिसरा गिअरबॉक्स. ऑइल निवडताना यातलं कोणतं ठिकाण भरतोय हे डोक्यात स्पष्ट हवं. निम्मे चुकीचे सल्ले इथेच जन्माला येतात.

इंजिनात मिनरल (सिंथेटिक नसलेलं) २०डब्ल्यू-५० ग्रेडचं ऑइल घाला. पुणे, कोकण, नागपूर, कुठेही आणि बाराही महिने. कारण साधं आहे. इंजिन हवेने थंड होतं, आणि मूळ कनेक्टिंग रॉडच्या बिग एंडला (क्रँककडच्या टोकाला) रोलर नसून फ्लोटिंग बुश (सैल फिरणारी धातूची नळी) आहे. बुश आणि क्रँकपिन यांच्यामध्ये ऑइलच्या पडद्याखेरीज काहीच नाही. मे महिन्यात घाट चढताना पातळ, ३० ग्रेडचा पडदा टिकत नाही. फुल सिंथेटिकचे पैसे वाया जातात: त्याचा मोठा फायदा म्हणजे ते जास्त किलोमीटर टिकतं, आणि इथे फिल्टर म्हणजे एक फेल्टची नळकांडी, त्यामुळे ऑइल दर २००० किमीला काढायचंच आहे.

डब्यावर एपीआय या अमेरिकी मानकाचा एसजी किंवा त्यापुढचा दर्जा आणि जासो या जपानी मानकाचा एमए (ऑइलात बुडलेला क्लच घसरू न देणारा) हे दोन्ही बघा. क्लच इंजिनाच्या ऑइलमध्ये नाही, मग एमए कशाला, असं विचारलं जातं. डाव्या बाजूचं क्रँकचं सील झिजलं की इंजिनाचं ऑइल प्रायमरीत उतरतं, आणि घर्षण कमी करणारं एमबी ऑइल किंवा इंधनबचतीसाठी ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असं लिहिलेलं कारचं ऑइल तिथे पोचलं की क्लच घसरू लागतो. ‘नव्या ऑइलमध्ये झीज रोखणारं झिंक-फॉस्फरस नसतं, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम खाल्ला जाईल’ ही भीती मात्र सोडा. एसएम या नंतरच्या एपीआय दर्जापासून फॉस्फरसवर आलेली कडक मर्यादा ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडना आहे, २०डब्ल्यू-५० ला नाही. वेगळ्या बाटलीतलं अ‍ॅडिटिव्ह ओतू नका.

आता खरी अडचण: आधी काय घातलं होतं ते माहीत नसलेली गाडी. वर्षानुवर्षं उभी असलेली किंवा ऑइल न बदलता नुसती भर घालत चालवलेली बुलेट आतून स्वच्छ नसते. टाकीच्या तळाशी आणि कोपऱ्यांत काळा, लोण्यासारखा गाळ बसलेला असतो. तो बसून आहे तोवर त्रास देत नाही. आजच्या प्रत्येक ऑइलमध्ये डिटर्जंट असतं; ते हा गाळ सोडवतं आणि फिरतीवर आणतं. फेल्ट गच्च होतो, आणि मग बारीक घाण थेट बिग एंडच्या बुशपर्यंत जाते. चांगलं ऑइल घातलं आणि हजार किलोमीटरमध्ये खालून ठोके सुरू झाले, या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. दोष त्या ऑइलचा नसतो.

यावर रॉकेल किंवा डिझेल घालून इंजिन पाच मिनिटं चालवण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. तो कधीही करू नका. त्या पाच मिनिटांत बुशला वंगणच मिळत नाही, आणि वाटांमध्ये उरलेलं रॉकेल नवं ऑइल पातळ करतं. डिझेल गाडीचं १५डब्ल्यू-४० घालून धुणंही नको, त्यात डिटर्जंट आणखी जास्त.

बरोबर पद्धत कंटाळवाणी आहे. इंजिन गरम करून खालचे सगळे ड्रेन प्लग काढा आणि रात्रभर निथळू द्या. टाकीच्या तोंडातून बोट फिरवून बघा. बोटाला गाळ लागला तर तो हाताने, कापडाने जितका निघेल तितका काढा. सूत सुटणारं कापड वापरू नका. नवा फेल्ट आणि सर्वात स्वस्त एमए २०डब्ल्यू-५० घाला, २०० किमी शांत चालवा, पुन्हा ऑइल आणि फेल्ट दोन्ही बदला. मग ५०० ला, मग १००० ला. काढलेला फेल्ट उलगडून पाहा: काळा चिकटा असेल तर अजून एक फेरी, चकाकणारे धातूचे कण असतील तर थांबा, तो बुशचा धातू असू शकतो, इंजिन उघडावं लागेल.

फेल्ट बदलल्यावर त्याची पोकळी रिकामी असते, तशीच गाडी सुरू केली तर बिग एंड कोरडा फिरतो. पोकळीत मावेल तितकं ऑइल ओतून झाकण लावा, स्पार्क प्लग काढून वीस-पंचवीस किक मारा, मग प्लग लावून मंद गतीवर सुरू करा. हेडकडे जाणाऱ्या ऑइल पाइपचा बँजो बोल्ट (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) किंचित सैल करा. मिनिटभरात तिथे ऑइल पाझरलं नाही तर इंजिन लगेच बंद.

पातळी नेहमी इंजिन चार-पाच मिनिटं चालवून मग बघा. महिनाभर उभ्या गाडीत टाकीतलं ऑइल पंपातून झिरपत क्रँक फिरते त्या कप्प्यात उतरतं आणि पातळी बघायची काडी कोरडी दिसते. तेव्हा भर घातली की सुरू करताच निळा धूर आणि ब्रीदरमधून (क्रँककेसची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइलची धार. हा धूर जाड ऑइलने जात नाही.

प्रायमरीत तेच २०डब्ल्यू-५०, लेव्हल स्क्रूमधून ओघळेपर्यंत, त्यावर थेंबही नको. न भरता पातळी वाढत असेल तर सील गेलं.

गिअरबॉक्समध्ये नुसतं घट्ट ग्रीस भरू नका. गिअर त्यात चर पाडून कोरडे फिरतात. पातळ ००० किंवा ०० ग्रेडचं ग्रीस आणि वरून ईपी-९० गिअर ऑइल, पण जीएल-४ दर्जाचं. पितळी-ब्राँझ बुशना जीएल-५ मधलं गंधक सोसत नाही. किकच्या दांड्यापाशी थोडं पाझरेलच, त्यासाठी गिअरबॉक्स उघडू नका.