फ्लोट ट्यूबमधून मासेमारी करताना वारा कसा सांभाळावा

फ्लोट ट्यूब म्हणजे हवा भरलेली, एका माणसाने बसून मासेमारी करायची ट्यूब. तिला ना इंजिन, ना सुकाणू. पायांतले फिन (पोहण्याचे पंख) हेच तिचं वल्हं, आणि पाय मारले की आपण पाठीच्या दिशेने सरकतो. फुगीर ट्यूब आणि वर बसलेला माणूस मिळून चांगलं शीडच तयार होतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. पायांची ताकद मात्र तेवढीच राहते. त्यामुळे सगळं गणित परतीचं.

आधी काठावर दहा मिनिटं थांबून पाणी बघा. नुसत्या सुरकुत्या असतील तर ठीक. लाटांच्या माथ्यावर तुरळक पांढरा फेस दिसू लागला, म्हणजे ताशी 12 ते 19 किमी वारा आहे; नवख्याने थांबावं. फेस जागोजागी दिसत असेल तर वारा ताशी 20 च्या पुढे गेलाय, तेव्हा कुणीच उतरू नये. अंदाज पाहताना सरासरी वेगापेक्षा झोतांचा, म्हणजे अचानक येणाऱ्या जोरदार वाऱ्याचा आकडा पाहा.

खरा फसवा वारा पाठीमागच्या झाडीकडून पाण्याकडे वाहणारा. काठाशी पाणी आरशासारखं शांत आणि आत गेलं की सपाटून वारा. माणसं वाहून जातात ती अशाच दिवशी. अशा वेळी काठाच्या आडोशातच गळ टाकावा.

एरवी सुरुवात वाऱ्याच्या विरुद्ध करा. पाठ वाऱ्याकडे, पाय मांडीपासून लांब आणि सावकाश. गुडघ्यातून झटके मारले की फिन पाण्याबाहेर येतात आणि दम वाया जातो. वारा येतो त्या बाजूला पोचलात की वाऱ्यासोबत तरंगत मासेमारी करत खाली या. थकाल तेव्हा वाराच घरी आणतो.

मध्येमध्ये एक चाचणी घ्या. बाजूच्या काठावरचा एखादा खडक आणि त्यामागचं झाड एका रेषेत धरा, परतीच्या दिशेने वीस वेळा पाय मारा. दोन्ही एकमेकांपासून सरकले नाहीत, म्हणजे तुम्ही जागच्या जागी आहात. तिथूनच निघायचं, 'अजून एक मासा' नाही.

हवेचं एक पथ्य. उन्हात भरलेली ट्यूब गार पाण्यात गेली की आतली हवा आकसते. ट्यूब मऊ पडते, मधोमध वाकते, लाटेत डुलते आणि पाय मारूनही पुढे जात नाही. म्हणून काठाजवळ 10-15 मिनिटं तरंगून पंपाने पुन्हा हवा भरा. उलट, ती बाहेर उन्हात ठेवताना थोडी हवा सोडा, नाहीतर शिवण उसवते.

एका जागी थांबायचं तर दीड-दोन किलोचा नांगर पुरतो. दोरी खोलीच्या किमान तिप्पट, वाऱ्यात पाचपट: चार मीटर पाण्यात 20 मीटर. दोरी तोकडी असेल तर ती नांगराला वर खेचते आणि तो घसरत जातो. नांगर बाजूला बांधू नका, लाट आडवी लागून ट्यूब कलंडते. दोरी पाठीमागच्या कडीतून ओवून टोक हाताशी आणा आणि एका ओढीत सुटेल अशी सरगाठ मारा. वाहत्या पाण्यात नांगर टाकायचाच नाही. फक्त वेग कमी करायचा असेल तर 45-60 सेंमी तोंडाची पाण्यातली कापडी छत्री बरी.

गळ फेकताना शिसं एक पायरी जड घ्या, फेक खालून आणि आडवी ठेवा. वारा फेकणाऱ्या हाताच्या बाजूने असेल तर गळ तोंडावर येतो. दुसऱ्या खांद्यावरून फेका, चष्मा लावा. फेकल्यावर रॉडचं टोक पाण्याजवळ ठेवा, नाहीतर दोरा धनुष्यासारखा वाकतो आणि माशाचा चावा कळतच नाही.

एवढं करूनही वाहून गेलात तर झगडू नका. लाइफ जॅकेट अंगात आणि शिट्टी गळ्यात असतेच, असावीच. तिरकस पाय मारत वारा ज्या दिशेला ढकलतोय तिकडचा काठ गाठा, फिन काढा, ट्यूब खांद्यावर घ्या आणि काठाकाठाने चालत या.