खिडक्या धुण्याची व्हॅन: टाकी किती लिटरची घ्यावी?

इंग्लंडमध्ये खिडक्या धुण्याचं काम सुरू करू पाहणारी आपली मंडळी मला फोन करतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दादा, टाकी किती लिटरची घेऊ?" मी उलट विचारतो, "गाडी कुठली आहे, आणि तिच्या वजनाच्या पाटीवर काय लिहिलंय?" बहुतेकांनी पाटी पाहिलेलीच नसते. दिवसाला पाणी किती लागेल यावरून टाकी ठरवायची, असं सगळे धरून चालतात. माझं म्हणणं असं की आधी गाडी किती वजन पेलते ते बघा, पाण्याची गरज त्यानंतर.

हे काम ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. हल्ली शिडीवर चढून फडक्याने काच पुसणारे कमी झाले. लांब पोलच्या टोकाला ब्रश असतो, त्यातून शुद्ध पाणी येतं, आपण जमिनीवर उभे राहून वरच्या मजल्याची काच घासतो, खळखळून धुतो आणि तशीच वाळू देतो. पाण्यात क्षार नसतील तरच काच डागांशिवाय वाळते. लंडन, स्लाऊ, रीडिंग या पट्ट्यात नळाचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं आहे, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) ३०० च्या आसपास सहज दाखवतो. आम्हाला हवा असतो शून्य, फार तर १० च्या आत. म्हणून गिऱ्हाइकाच्या नळाचा उपयोग नाही. पाणी घरी शुद्ध करायचं आणि गाडीत घालून न्यायचं.

आता पाटी. ती दरवाजाच्या खांबावर किंवा बॉनेटखाली असते. तिच्यावर एकाखाली एक चार आकडे दिसतात: गाडीचं भरलेलं कमाल वजन, ट्रेलरसकट कमाल वजन, पुढच्या ॲक्सलची मर्यादा आणि मागच्या ॲक्सलची मर्यादा. पहिला आणि चौथा आकडा लिहून घ्या. मग डिझेलची टाकी फुल करा, पोल, रील, पंप, बॅटरी, शिडी, बादल्या, जेवणाचा डबा असं रोजचं सगळं सामान भरा, स्वतः बसा, सोबत कामाला माणूस असेल तर त्यालाही बसवा आणि गाडी वजनकाट्यावर न्या. पाटीवरच्या पहिल्या आकड्यातून काट्याचा आकडा वजा करा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे उरलेले किलो हेच तुमचे लिटर. त्यातून रिकामी टाकी आणि तिची लोखंडी चौकट यांचं वजन वजा करायला विसरू नका. जाहिरातीतला पेलोडचा, म्हणजे गाडी किती ओझं नेते त्याचा आकडा कोऱ्या गाडीचा असतो, त्यावर विसंबू नका.

उदाहरण घ्या. लहान व्हॅन, कमाल वजन २,००० किलो. सामान आणि माणसासकट काट्यावर आली १,५३०. उरले ४७०. टाकी आणि चौकटीचे ७० काढले की ४००. अशा गाडीत मी ३५० लिटरचीच टाकी बसवेन, कारण पावसाळी कपडे, जास्तीचा होज, पाणी शुद्ध करायच्या रेझिनच्या पिशव्या असं वजन नकळत चढत जातं. जास्त वजनाची गाडी डीव्हीएसएने, म्हणजे इथल्या वाहन तपासणाऱ्या सरकारी संस्थेने अडवली तर जागेवर १०० ते ३०० पौंड दंड बसतो, आणि वजन फारच जास्त असलं तर प्रकरण कोर्टात जातं. पण खरा धोका दंडाचा नाही. ओझ्याखाली दबलेली गाडी ओल्या रस्त्यावर वेळेत थांबत नाही, आणि त्या रस्त्यावर शाळेतून सुटलेली मुलं असतात.

मग पाणी पुरतं का? एका माणसाला बहुतेक वेळा पुरतं. पोलमधून मिनिटाला साधारण २ लिटर पाणी जातं. दिवसभरात पाणी प्रत्यक्ष वाहतं ते दोन-अडीच तास, बाकी वेळ होज ओढणं, फाटक उघडणं, पुढच्या घरी जाणं यात जातो. अडीच तासांचे झाले ३०० लिटर. वर्षानुवर्षं न धुतलेलं घर पहिल्यांदा घेतलं, तर त्याला दुप्पट पाणी लागू शकतं. दोघे दोन पोल चालवणार असाल तर ६०० ते ६५० लिटर हवेत, आणि त्यासाठी मोठी व्हॅनच घ्यावी लागते. लहान गाडीत मोठी टाकी कोंबून तो प्रश्न सुटत नाही.

"मोठी टाकी घेतो आणि अर्धीच भरतो," असं काही जण म्हणतात. कायद्याने चालेल, काट्यावरचं खरं वजन मोजलं जातं. पण मी हे करू देणार नाही. माझे चुलते माण तालुक्यात पाण्याचा टँकर चालवायचे. अर्धा भरलेला टँकर त्यांना पूर्ण भरलेल्यापेक्षा जास्त नकोसा वाटायचा, कारण वळणावर पाणी एका अंगाला धावतं आणि गाडीला सोबत ओढतं. व्हॅनमध्येही तेच होतं. काठोकाठ भरलेल्या टाकीतलं पाणी हलायला जागाच नसते, दुपारी अर्ध्यावर आलेलं पाणी मात्र प्रत्येक ब्रेकला पुढे येऊन धडकतं. दिवसातला काही वेळ टाकी अर्धी असणारच, म्हणून आत आडपडदे असलेली, म्हणजे बॅफलवाली टाकीच घ्या. विक्रेत्याला झाकण उघडायला लावा आणि टॉर्च मारून पडदे आहेत का ते स्वतः बघा.

यावरूनच पिंजऱ्यातल्या १,००० लिटरच्या आयबीसी टाकीबद्दल सांगतो. ती स्वस्तात मिळते म्हणून लोक व्हॅनमध्ये ठेवतात. आत पडदे नाहीत, आणि भरली की एक टन पाणी. ती घरी गॅरेजमध्ये ठेवा, तिथे ती सोन्यासारखी आहे. रात्रभर आरओचं पाणी तिच्यात साठवा, सकाळी पंपाने व्हॅनच्या टाकीत घ्या. ३०० गॅलनचा आरओ दिवसाला साधारण १,१०० लिटर देतो असं कागदावर असतं, पण ते कोमट पाण्याचं माप आहे. जानेवारीत नळाचं पाणी बर्फासारखं गार असतं आणि आरओ निम्म्यावर येतो. साठा नसेल तर सकाळी टाकी अर्धी भरलेली सापडते आणि गिऱ्हाइकाला फोन करून दिवस बदलावा लागतो.

टाकी ठेवायची कुठे, यावर कोणी फार विचार करत नाही. चालकामागच्या जाळीलगत, मागच्या ॲक्सलच्या पुढे ठेवा. हिशोब सोपा आहे. दोन ॲक्सलमधलं अंतर ३ मीटर धरा आणि पाणी ५०० किलो. टाकीचा मध्य मागच्या ॲक्सलच्या अर्धा मीटर पुढे असेल तर मागे ४१७ किलो जातात, पुढे ८३. तीच टाकी मागच्या ॲक्सलच्या अर्धा मीटर मागे ठेवली तर मागच्या ॲक्सलवर ५८३ किलो येतात, आणि पुढची चाकं ८३ किलोंनी हलकी होतात. म्हणजे एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर जाऊ शकतो, शिवाय पुढची पकड कमी होते. उभी टाकी घ्यायची की आडवी? जागा असेल तर आडवी घ्या, वजन खाली राहतं. लहान व्हॅनमध्ये रील ठेवायला जागा उरत नसेल तर उभी चालेल, मात्र तिची चौकट अधिक भक्कम हवी.

आणि चौकटीवर पैसे वाचवू नका. इथला नियम असा की सामान बांधायची व्यवस्था पुढच्या दिशेने सामानाच्या पूर्ण वजनाइतका, आणि मागे व बाजूला निम्म्या वजनाइतका जोर पेलणारी हवी. ती किमान अट आहे, जोरदार ब्रेकपुरती. गाडी ताशी ३० मैलांच्या वेगात धडकून अर्ध्या मीटरात थांबली, तर ५०० किलो पाण्याचा रेटा सरासरी ९ टनांवर जातो, आणि त्या रेट्यासमोर तुमची पाठ असते. रॅचेटचे पट्टे आणि फरशीतल्या कड्या हे थोपवू शकत नाहीत. अपघाताची चाचणी झालेली पोलादी चौकट घ्या, ती फरशीतून आरपार बोल्टने बसवा, आणि खालून जाड पोलादी पट्ट्या लावा, म्हणजे बोल्ट पत्रा फाडून वर येणार नाही. भोक पाडण्याआधी गाडीखाली जाऊन डिझेलची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या कुठे आहेत ते बघा. इलेक्ट्रिक व्हॅनमध्ये फरशीखाली बॅटरी असते, तिथे स्वतः ड्रिल लावूच नका. गाडी लीजवर असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्या.

बाकीच्या गोष्टी पटकन. अपारदर्शक टाकी बरी, उजेड आत गेला की शेवाळ धरतं. झाकण एवढं मोठं हवं की हात घालून आतून पुसता येईल. हवा आत यायला व्हेंट हवा, नाहीतर पंप पाणी ओढतो तसे टाकीचे गाल आत जातात. तळाशी पूर्ण रिकामी करायचा कॉक हवा. उन्हाळ्यात सुट्टीवर जाताना टाकी रिकामी करून जा, कारण २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लीजिओनेला हा फुप्फुसांना बाधणारा जंतू वाढतो आणि आपण तेच पाणी दिवसभर फवारतो. हिवाळ्यात भरलेली टाकी सहसा लवकर गोठत नाही, आधी फुटतात ते पंप आणि होजचे जोड. रात्री व्हॅनमध्ये थर्मोस्टॅटवाला लहान हीटर ठेवा, किंवा पंप उपसून ठेवा.

सगळं बसवून झालं की विमा कंपनीला कळवा आणि त्यांचं उत्तर लेखी मिळवा. मग टाकी काठोकाठ भरून पुन्हा वजनकाट्यावर जा. या वेळी मागच्या ॲक्सलचं वजन वेगळं मागा, आणि ती पावती गाडीतच ठेवा.