शिल्पं दोनदा, चित्रं एकदा: सोलापूरहून बंगळुरूची मॉडर्न आर्ट गॅलरी

गॅलरी बघायला गेलेली माणसं आधी एसीत शिरतात, दोन-अडीच तास चित्रं बघून दमतात आणि निघताना बागेतल्या शिल्पांचे चार फोटो काढून रिक्षा पकडतात. हा क्रम मोडा. आत दिव्यांचा उजेड दिवसभर सारखाच असतो, त्यामुळे चित्रं केव्हाही बघता येतात. बाहेरच्या शिल्पावर मात्र उन्हाचं राज्य असतं. सकाळी दिसलेलं शिल्प चार वाजता वेगळंच दिसतं. म्हणून सकाळी बाग, भर दुपारी गॅलरी आणि उतरत्या उन्हात पुन्हा तीच बाग, असा दिवस लावा.

सोलापूरकरांना यासाठी सोयीची जागा म्हणजे बंगळुरूची नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट. ती पॅलेस रोडवरच्या माणिक्यवेलू मॅन्शन या जुन्या बंगल्यात आहे आणि २००९ पासून लोकांसाठी खुली आहे. बंगल्याला जोडून नवी इमारत, भोवती मोठी झाडं, हिरवळीवर शिल्पं. मुंबईतली याच संस्थेची गॅलरी कावसजी जहांगीर हॉलमध्ये, भर गर्दीच्या चौकात आहे. चित्रांसाठी ती उत्तम, पण शिल्पांभोवती ऐसपैस फिरायला बंगळुरूच बरं.

उद्यान एक्स्प्रेस सोलापूरला दुपारनंतर येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळुरूला पोचवते. परतीची गाडी रात्रीची आहे. म्हणजे मुक्काम न करता एक अख्खा दिवस हातात मिळतो. आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं. फक्त वार जपा: गॅलरी सोमवारी बंद असते. रविवारी सुट्टी म्हणून सोलापुरातून निघालात, तर पोचाल सोमवारी आणि बंद फाटक बघून परत याल. मंगळवार ते गुरुवार निघणं सगळ्यात चांगलं. शनिवारी निघालात तर रविवारची गर्दी मिळते. आदल्या दिवशी गॅलरीला फोन करून वेळ विचारा, आणि "कुठला मजला बंद आहे का?" हेही विचारा. प्रदर्शन बदलताना चित्रं उतरवणं-चढवणं चालू असतं, तेव्हा एखादा भाग बंद ठेवतात. भारतीयांना तिकीट २० रुपये आहे, सुटे जवळ ठेवा.

मोठी बॅग स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवा. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत आणि प्रवासाचं तिकीट बघतात, म्हणून छोटं कुलूप घरूनच न्या. स्टेशनपासून गॅलरी चारेक किलोमीटर आहे, रिक्षा सोयीची. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी गाडीत खाऊन संपवा. चटणीचं तेल बोटांना चिकटून राहतं, नुसतं पाणी ओतून ते जात नाही. आत जाण्याआधी साबणाने हात धुवा. कुठल्याही कलाकृतीला हात लावायचा नाहीच, पण गर्दीत चुकून हात टेकतो, तेव्हा तो निदान तेलकट नसावा.

जाण्याआधी आठवड्याभरात डोळ्यांना थोडी सवय लावून घ्या. हत्तरसंग कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावर, हरिहरेश्वर मंदिरातलं बहुमुखी शिवलिंग बघा. सोलापुरापासून अंतर सुमारे ४० किलोमीटर. एकाच दगडात ३५९ मुखं कोरली आहेत. पुजाऱ्यांना विचारून मोबाइलचा टॉर्च आधी समोरून धरा: सगळे चेहरे सपाट, एकसारखे दिसतील. मग तोच टॉर्च हात लांब करून एका बाजूने धरा. नाकाची धार उठते, ओठांखाली सावली पडते आणि शेजारचा चेहरा निराळा आहे हे एकदम कळतं. बागेत हेच काम ऊन करतं. इतकं लांब जमणार नसेल तर शहरातल्या चार पुतळ्यांपाशी एकदा सकाळी आठला आणि एकदा संध्याकाळी पाचला थांबा. स्वातंत्र्यलढ्यात १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांचे हे पुतळे आपण रोज गाडीवरून ओलांडतो. उतरून बघा, डोळ्यांखालची सावली किती सरकते ते.

आता बाग. आधी एक चक्कर न थांबता मारा, वीस मिनिटांत. मग तीनच शिल्पं निवडा. एक दगडाचं, एक धातूचं आणि एक असं की जे अजिबात समजलं नाही. प्रत्येकाला दहा मिनिटं द्या. शिल्पाच्या उंचीच्या तिप्पट लांब उभे राहा. दोन मीटरचं शिल्प असेल तर सहा मीटर, म्हणजे मोठी आठ-नऊ पावलं. इथून घाट कळतो: ते जमिनीवर बसलंय, उभं आहे की झुकलंय. मग प्रदक्षिणा घाला आणि लगेच उलटी फेरीही मारा. उलट्या फेरीत पाठ आधी दिसते आणि शिल्पकाराने मागच्या बाजूला काय केलंय ते नजरेत भरतं. शेवटी हातभर अंतरावर या, आणि एकदा उकिडवे बसून खालून वर बघा. लहान मुलं हे आपसूक करतात, त्यांना अडवू नका.

जवळून काय बघायचं हे साहित्यावर ठरतं. ग्रॅनाइटवर छिन्नीचे घाव मुद्दाम कुठे ठेवलेत आणि पॉलिश कुठे केलंय ते शोधा: घाव असलेला भाग उजेड पितो, पॉलिशचा भाग उजेड फेकतो. ब्राँझ बहुधा आतून पोकळ असतं. आधी मेणाचा आकार, त्यावर साचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या जागी धातू ओतायचा. मोठं शिल्प तुकड्यांत ओतून जोडतात, कडेने पाहिलं तर सांधा कधीकधी सापडतो. त्यावरचा हिरवा-तपकिरी रंग मळ नव्हे. तो मुद्दाम आणलेला किंवा हवेने चढलेला थर आहे. घामातल्या मिठाने तो डागाळतो, आणि सगळे जिथे हात लावतात तिथे झिजून पिवळा पडतो. जोडलेल्या लोखंडात वेल्डिंगची रेघ पाहा, शिल्पकाराचा हात तिथे दिसतो. सिमेंटचं शिल्प दिसलं तर त्याला कमी लेखू नका. रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये शांतिनिकेतनात उभं केलेलं 'संथाळ कुटुंब' सिमेंट आणि लाल खड्यांचंच आहे. सिमेंटला तडा गेलेला दिसला तर बहुधा आतली सळई गंजून फुगलेली असते.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. पोकळ आहे का हे बघायला टकटक करू नका. फायबरग्लासच्या शिल्पावर त्याने बारीक चिरा पडू शकतात आणि पाणी आत शिरतं. दुसरं, मानवी आकृती दिसली की आपला हात नकळत पायाशी जातो. भाव खरा आहे, पण नमस्कार लांबूनच करा. चौथऱ्यावर बसायचं नाही, पोराला वर बसवून फोटो काढायचा नाही. शिल्प आतून कशावर तोललंय हे बाहेरून कळत नाही.

साडेअकराच्या सुमारास आत चला. बंगळुरूत २४ एप्रिल आणि १८ ऑगस्टच्या आसपास भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच गोळा होते. पण बाराही महिने दुपारी डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात आणि शिल्प चुकीचं वाचलं जातं.

आत पाठीवरची सॅक पोटाशी घ्या किंवा लॉकरला द्या. वळताना सॅक भिंतीवरच्या चित्राला लागते, आणि पाठीमागे काय झालं हे आपल्याला कळतही नाही. रेखाटन करायचं असेल तर पेन्सिलच न्या, शाईचा एक थेंब उडाला तरी तो निघत नाही. फ्लॅश बंद. कागदावरची जलरंगातली कामं उजेडाने फिकी पडतात, म्हणून तिथे दिवे मंद ठेवलेले असतात. डोळ्यांना दोन मिनिटं द्या, मग रंग दिसू लागतात. ज्येष्ठांसाठी पातळ शाल हवी, एसी बऱ्यापैकी गार असतो.

चित्राशेजारची पाटी आधी वाचू नका. पाच मिनिटं नुसतं बघा, मग वाचा. पाटीवर नाव, साल, माध्यम आणि मापं असतात, बहुधा सेंटीमीटरमध्ये: आधी उंची, मग रुंदी, शिल्प असेल तर खोलीही. छापचित्रावर, म्हणजे ठशावरून कागदावर छापलेल्या चित्रावर, खाली पेन्सिलीने ३/१० असं लिहिलेलं असेल, तर ती दहा प्रतींपैकी तिसरी प्रत. 'अनटायटल्ड' लिहिलं असलं तर चित्रकाराने नाव दिलेलं नाही एवढंच समजा. गॅलरी काही लपवत नाही.

"हे आहे तरी काय?" हा प्रश्न अमूर्त चित्रापुढे हमखास येतो, आणि त्याचं उत्तर सोलापुरी घरात पलंगावर पसरलेलं असतं. जेकार्ड चादरीवरच्या चौकटी आणि नक्षी कशाचं चित्र आहे असं कोणी विचारत नाही. काठ जड की मध्य जड, कुठला रंग पुढे येतो, उलटून टाकली की रंगांची अदलाबदल कशी होते, हे आपण दुकानात उभ्या उभ्या पारखतो. तीच पारख इथे चालवा.

एक नाव मात्र शोधाच: मकबूल फिदा हुसेन. जन्म १९१५, पंढरपूर. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये, म्हणजे मुंबईतल्या आधुनिक कलाकारांच्या गटात, सूझा, रझा, आरा, गाडे यांच्यासोबत ते होते. त्यांच्यातले सदानंद बाकरे मूळचे शिल्पकार. या दोघांचं काम सध्या लावलेलं आहे का, हे स्वागतकक्षात विचारा. संग्रहातलं सगळं एकाच वेळी मांडलेलं नसतं.

पाऊण तास झाला की बाहेर येऊन दहा मिनिटं बसा. आतली एकूण दोन तासांची भेट पुरे. त्यानंतर डोळे चित्रावरून नुसते घसरतात. मग जेवण आणि झाडाखाली विश्रांती.

चारनंतर सकाळच्या तिन्ही शिल्पांकडे परत जा. सकाळी जिथे उभे होतात तिथेच उभे राहा. त्यासाठी सकाळी एखादं झाड किंवा बाक खूण म्हणून धरून ठेवा, नाहीतर बदल उजेडाचा की जागेचा हे कळणार नाही. वहीच्या एका पानावर सकाळी डाव्या अर्ध्यात आणि आता उजव्या अर्ध्यात, फक्त सावलीचे भाग पेन्सिलीने भरा, वर वेळ लिहा. चित्र येत नसलं तरी हे जमतं, दोन मिनिटांचं काम आहे. पावसाळी ढग असतील तर सावली पुसट पडते. तेव्हा पाठपोटाचा घाट बघा आणि ओल्या ग्रॅनाइटचा रंग किती गडद होतो ते टिपा. सहाच्या आत निघालात तर क्लोक रूममधून बॅग सोडवून गाडीआधी निवांत जेवता येतं.